आजोबांचं मूळ, बाबांचं बीपी

पत्र: मॅडम, मी एम. फार्म.ला आहे, विषय फार्माकॉलॉजी. आमचं गाव कुडाळ तालुक्यात. माझे आजोबा गावात झाडपाल्याचं औषध द्यायचे. ‘डोक्यात रक्त चढलं’ म्हणून कुणी आलं की डोंगरामागून खणून आणलेल्या एका मुळाचा काढा द्यायचे. ‘सापाचा मूळ’ म्हणायचे त्याला. पैसे कधी घेतले नाहीत. चार वर्षांपूर्वी ते गेले. यंदा पावसाळ्यात बाबांनी (वय ५८) बीपीच्या गोळ्या बंद करून तोच काढा सुरू केला. तीन आठवड्यांत १६४/१०० वरून १४२/८८ वर आलं. मूळ आता काका आठवडी बाजारातून आणतात. काका म्हणतात, अर्क काढू, गावातल्या तीस-चाळीस बीपीवाल्यांना महिनाभर देऊ, मशीनवर आकडे घेऊ आणि बाटल्या भरू; तू फार्मसीवाली, तू सही कर. मलाही प्रबंधासाठी हाच विषय घ्यायचा आहे. रॅटवर (प्रयोगशाळेतल्या उंदरांवर) बीपी उतरतं एवढं दाखवलं तर पुरेल का? ‘सुरक्षित आहे’ असं म्हणायला आणखी काय करावं लागेल? बाबा तसे बरे आहेत. हल्ली जरा गप्प असतात, दुपारी झोपतात, नाक चोंदलेलं असतं, पण इथे पाऊसच इतका आहे. — एक वाचक

उत्तर: तुझ्या पत्राचं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गप्प राहणं, दुपारची झोप, चोंदलेलं नाक. पावसाने होतही असेल. पण बीपी उतरत असताना, घरात ‘सापाचं मूळ’ नावाचा काढा चालू असताना या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, की माझ्या पिढीच्या फार्माकॉलॉजीवाल्याला एकच नाव आठवतं: सर्पगंधा. तिच्या मुळातलं रेसरपीन नावाचं द्रव्य बीपी उतरवतं हे खरं. तेच रेसरपीन नाक चोंदवतं, सुस्ती आणतं, नाडी मंद करतं आणि काही माणसांना आतून उदास करत नेतं. घरच्यांना वाटतं, वयानुसार शांत झाले. बीपीच्या मशीनवर तिसरा आकडा नाडीचा असतो. तो कुणी लिहून ठेवलाय का?

तेव्हा प्रबंध बाजूला ठेव आणि हे वाचशील त्याच दिवशी बाबांना डॉक्टरांकडे घेऊन जा. काढा थांबवा. जुन्या गोळ्या मात्र घरच्या घरी, आपल्या मनाने परत सुरू करू नका. रेसरपीन असेल तर काढा थांबवल्यावरही त्याचा असर बरेच दिवस रेंगाळतो आणि वर गोळ्यांची भर पडली तर बीपी नको तितकं खाली जाऊ शकतं. गोळ्या कधी, किती, हे डॉक्टरच ठरवतील. जाताना गोळ्यांची जुनी पाकिटं ने आणि उरलेलं मूळही ने. काढ्याचं नाव काढलं तर ओरडतील म्हणून लपवू नका. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी करून घ्या. ती का, ते पुढे सांगते. आणि एक काम तुझं, डॉक्टरांचं नाही. बाबांच्या शेजारी बसून सरळ विचार, ‘बाबा, मन लागतंय का? नकोसं वाटतं का कधी?’ उत्तर ‘हो’ आलं, तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाल.

गोळ्या एकदम सोडणं हा वेगळाच धोका. त्यांतली एखादी मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलच्या जातीची असेल, तर अचानक थांबवल्यावर हृदयावर ताण उसळून येऊ शकतो. बाबांचे तीन आठवडे निभावले, हे नशीब. काकांच्या यादीतल्या तीस-चाळीस घरांतही अशा गोळ्या असणार.

आता ‘पण ती सर्पगंधा नसेल तर?’ हा प्रश्न तुझ्या मनात आलाच असेल. तो यायलाच हवा.

आपल्या कोकणात ‘साप’ जोडलेली मुळं एकापेक्षा जास्त आहेत. सर्पगंधा एक. सापसंद दुसरी, जिला ईश्वरी म्हणतात. दोन्ही लोक साप चावल्यावर देत असत, पण झाडं एकमेकांची कुणी नाहीत. सर्पगंधा हे हातभर वाढणारं झुडूप. सापसंद ही वेल. वाळलेल्या मुळाचे तुकडे बाजारात पोत्यावर पडलेले असले की हा फरक डोळ्याला कळत नाही. आणि सापसंदेत अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, मूत्रपिंडांना घातक.

हे नाव ऐकलं की मला ब्रुसेल्स आठवतं. १९९० च्या सुमाराला तिथल्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्याने आपल्या कॅप्सूलमध्ये चिनी वनस्पतींची भर घातली. त्यांतल्या एका वनस्पतीचं चिनी नाव दुसरीच्या नावाशी मिळतंजुळतं होतं आणि पुरवठ्यात ती दुसरीच आली. ती सापसंदेच्याच कुळातली होती. १९९२ पासून तरुण, धडधाकट बायका मूत्रपिंड निकामी होऊन दवाखान्यात येऊ लागल्या. शंभराहून अधिक जणींना ते भोगावं लागलं. औषध थांबवल्यावरही बिघाड थांबला नाही. पुढे त्यांतल्या ३९ जणींची निकामी मूत्रपिंडं काढून तपासली, तर १८ जणींत मूत्रमार्गाचा कर्करोग सापडला. कुणीही विष म्हणून काही घातलं नव्हतं. एक नाव दुसऱ्या नावासारखं होतं, एवढंच. बाबांचं क्रिएटिनिन बघायला सांगितलं ते यासाठी. मूत्रपिंड बिघडलं की बीपी उलट चढतं, आणि तोवर दुखत-खुपत काहीच नाही.

तिसरी शक्यताही आहे. सर्पगंधेची थोरली बहीण म्हणावी अशी एक जात आपल्याकडे कुंपणाकडेला, पडीक जमिनीवर वाढते. तिची मुळं सर्पगंधेच्या नावाखाली सर्रास खपवली जातात. तिच्यातही अल्कलॉइड्स (रेसरपीनसारखी, शरीरावर असर करणारी वनस्पतीतली द्रव्यं) असतात, पण प्रमाण वेगळं, त्यामुळे मात्राही वेगळी. म्हणजे आजोबा डोंगरामागून खणून आणत ते मूळ आणि काका बाजारातून आणतात ते मूळ एकच आहे, असं आपण नुसतं धरून चाललोय. आजोबांची पुण्याई त्या पोत्याला लागू होत नाही.

मी स्वतः विद्यार्थिनी असताना हे भोगलंय. बाजारातून आणलेल्या मुळावर जवळजवळ दोन वर्षं काम केलं आणि ओळख पटवायला पाठवलं ते अगदी शेवटी. उत्तर आलं, ‘ही ती वनस्पती नाही.’ सगळे तक्ते, सगळे आलेख बरोबर होते, फक्त झाड वेगळं होतं. जे प्राणी त्या कामात गेले त्यांच्यासाठी मला आजही वाईट वाटतं.

सर्पगंधेची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचे. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे. उत्तरेत या मुळाला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ते उपयोगी पडतं असं छापून मांडलं. त्याच सुमाराला दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकींनी मुळातून अल्कलॉइड्स वेगळी काढली आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून एकाला अजमलीन म्हटलं. कलकत्त्यात रामनाथ चोप्रांनी प्राण्यांवर काम केलं. मग आपल्या मुंबईत, केईएम रुग्णालयात, डॉ. रुस्तम जाल वकील वर्षानुवर्षं रुग्णांना हे मूळ देत राहिले, मोजत राहिले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. तिथून जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत रेसरपीन शुद्ध रूपात हाती आलं. डॉ. वकील यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

गोष्ट इथे संपवली असती तर तुझे काका खूश झाले असते. पण पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. औषध जगभर गेलं आणि बीपी उतरलेली माणसं खिन्न होऊ लागली. का, ते तुला पुस्तकातून माहीत आहे, तरी उलगडून सांगते. मज्जातंतूंच्या टोकाला बारीक थैल्यांत नॉरअॅड्रिनॅलिन साठवलेलं असतं. त्या थैल्या भरणारा पंप रेसरपीन बंद पाडतं. साठा संपतो, रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. नाकातल्या रक्तवाहिन्याही सैलावतात, म्हणून नाक चोंदतं. आणि हाच पंप मेंदूत सेरोटोनिन आणि डोपामिनच्याही थैल्या भरतो. गुण आणि दोष एकाच दारातून आत येतात. मात्रा चढवली की दोन्ही चढतात. १९५७ मध्ये अर्विड कार्लसन यांनी रेसरपीन दिलेले, हालचाल थांबलेले ससे एल-डोपा (ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं ते द्रव्य) देऊन पुन्हा हलते केले. पार्किन्सनच्या उपचाराची वाट तिथून निघाली, पण ससे आधी थांबवले होते ते आपल्या या मुळातल्या रेणूनेच. १९७४ मध्ये रेसरपीनने स्तनाचा कर्करोग होतो अशी शंका ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून उठली. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही, पण ती तपासायलाही माणसांची वर्षं गेली. औषध म्हणून ते आजही मेलेलं नाही. मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याइतकी छोटी मात्रा, दुसऱ्या गोळीच्या जोडीने, पुष्कळांना मानवते. पण ‘किती’ हे कळायलाच दशकं लागली. काढ्याच्या पेल्यात हा दहावा हिस्सा आहे की त्याच्या दसपट, हे आज तुमच्या घरात कुणाला सांगता येईल?

आता तुझा प्रबंध.

पहिला खर्च ओळखीवर कर. नुसतं मूळ पुरत नाही. पान, फूल, फळ आणि मूळ एकाच झाडाचं असा नमुना दाबून वाळव आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात, आघारकर संशोधन संस्थेत किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये ओळखून घे. नमुन्याचा क्रमांक प्रबंधात यायला हवा. मग त्याच झाडाचं मूळ टीएलसीच्या (अर्कातले घटक वेगवेगळे करून दाखवणाऱ्या) पट्टीवर शुद्ध रेसरपीनच्या शेजारी चालव. अॅरिस्टोलोकिक आम्लासाठी वेगळी तपासणी कर आणि ते दिसलं तर तिथेच थांब. त्यापुढे प्रयोग नाही, काढा नाही, काही नाही. बाजारातलं मूळही असंच चालवून बघ. दोन पट्ट्या शेजारी ठेवून काकांना दाखवल्यास, तर माझ्या शंभर शब्दांहून ते जास्त पटेल.

दुसरी गोष्ट अर्काची. आजोबा काढा देत, म्हणजे पाण्यात उकळून. तुझ्या कॉलेजात सवयीने अल्कोहोलमध्ये सॉक्सलेट (अर्क काढायचं काचेचं उपकरण) लावतील. रेसरपीन पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये खूप जास्त उतरतं. म्हणजे अल्कोहोलचा अर्क हे आजोबांचं औषध नाहीच, ते त्याहून पुष्कळ जहाल नवं औषध आहे. आजोबांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाचा दाखला त्याला देता येत नाही. आजोबा जे देत तेच तपासायचं असेल तर काढाच कर, तितकंच मूळ, तितकंच पाणी, आणि सुकवून किती ग्रॅम घनभाग उरला ते लिही. हा आकडा नसेल तर पुढची सगळी मात्रा हवेत.

मात्रेबद्दल एक कळकळीची विनंती. ‘२०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रति किलो’ हे आकडे आपल्याकडच्या प्रबंधांत आरतीसारखे येतात. तीव्र विषाक्तता चाचणीत २००० ला रॅट मेला नाही, म्हणून त्याचा दहावा आणि पाचवा हिस्सा, एवढाच त्यामागचा विचार. तू उलट बाजूने ये. माणूस किती घेत होता ते आधी काढ, वजनाने भाग आणि रॅटसाठी साधारण ६.२ ने गुण. साठ किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅम घनभाग जात असेल तर किलोमागे १० आणि रॅटसाठी ६२. ४०० ला बीपी उतरलं तर ते माणसाबद्दल काय सांगणार?

बेशुद्ध प्राण्याच्या शिरेत अर्क टोचून बीपी खाली येतं, हा पुरावा म्हणून मांडू नकोस. कच्च्या अर्कात पोटॅशियम असतं, टॅनिन असतं, आणखी दहा गोष्टी असतात. शिरेत गेल्यावर चहाही बीपी हलवेल. तोंडावाटे दे, चार आठवडे दे. जन्मजात वाढलेल्या बीपीचे रॅट मिळाले तर उत्तम, नाहीतर एल-नेम देऊन बीपी वाढवलेले. सोबत एक गट लोसार्टन किंवा कॅप्टोप्रिलसारख्या बीपीच्या माहीत असलेल्या औषधावर हवा. शेपटीला पट्टा लावून मोजणार असशील तर आधी आठवडाभर रॅटला त्या नळकांड्यात बसायची सवय लाव. घाबरलेल्या प्राण्याचं बीपी मोजण्यात अर्थ नाही. आणि मोजणाऱ्याला कोणता पिंजरा कोणत्या गटाचा हे कळता कामा नये. तू आजोबांची नात आहेस. तुझ्या हातून आकडा नकळत आजोबांच्या बाजूला झुकेल. माझा झुकला असता.

प्राण्याकडे बघायला विसरू नकोस, हे मात्र खरंच मनापासून. बीपी उतरलेला रॅट पापण्या मिटून कोपऱ्यात बसलाय का? खातोय का? अंगावरचे केस साफ करतोय का? हालचाल मोजणारं साधं उपकरण कॉलेजात असतं, तेही लाव. ‘बीपी उतरलं’ आणि ‘प्राणी मंदावला’ हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत, आणि दुसरा प्रबंधात बहुतेक वेळा येतच नाही, कारण कुणी बघितलेलंच नसतं.

सुरक्षिततेचं तू विचारलंस. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीत थोड्या प्राण्यांना एकच डोस देऊन १४ दिवस बघतात. त्यावरून एवढंच कळतं की एका घोटाने मरण येत नाही. बीपीचं औषध माणूस एक घोट घेत नाही, तीस वर्षं घेतो. म्हणून २८ दिवसांची ४०७, आणि जमलं तर ९० दिवसांची ४०८, रक्त, यकृत, मूत्रपिंड, सूक्ष्मदर्शकाखाली अवयव. ब्रुसेल्सच्या बायकांचं नुकसान एका डोसाने झालं नव्हतं. कच्च्या मुळात जड धातू किती तेही बघ: शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १०), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३ याच्या आत. मग बीपीच्या चालू गोळ्यांबरोबर अर्क दिला तर काय होतं, असा एक छोटा गट ठेव, कारण गावातली माणसं दोन्ही घेणार आहेत, कितीही नको म्हटलं तरी. एवढं सगळं झाल्यावरही ‘सुरक्षित आहे’ लिहू नकोस. ‘अमुक मात्रेला, अमुक दिवस, रॅटमध्ये अमुक आढळलं नाही’ असं लिही. वाक्य लांबतं, पण खरं राहतं.

काकांच्या महिनाभराच्या बेताला नाही म्हण. सही करू नकोस. माणसांवर औषध तपासायचं तर नैतिक समितीची मंजुरी लागते, पहिला माणूस घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद लागते, जबाबदार वैद्य किंवा डॉक्टर लागतो, काही झालं तर उपचार आणि भरपाईची सोय लागते. विकायचं तर १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना. पण कायदा सांगून काका गप्प बसतील, त्यांना पटणार नाही. त्यांना हे सांग. बीपी जास्त निघालेल्या माणसांनाच निवडलं की पुढच्या वेळी त्यांतल्या बऱ्याच जणांचं थोडं कमी येतंच, काही न देता. पहिल्या दिवशी माणूस चढण चढून आलेला, चहा प्यालेला, रांगेत ताटकळलेला असतो. दुसऱ्या आठवड्यात तोच ओळखीच्या ओसरीवर निवांत बसतो. शिवाय ‘आजोबांचं औषध’ मिळतंय म्हटल्यावर मीठही जरा कमी खातो. बाबांच्या १६४ वरून १४२ मध्येही यातलं किती आणि मुळाचं किती, हे सांगता येत नाही. म्हणून दुसरा गट लागतो, तसाच कडू, तसाच दिसणारा काढा घेणारा, ज्यात मूळ नाही. काकांना वाईट वाटेल. वाईट वाटू दे, पण भांडू नकोस. भावाचं बीपी उतरलं याचा त्यांना झालेला आनंद खरा आहे.

आजोबांचं ज्ञान वाया जाऊ नये असं तुला वाटतं, मलाही वाटतं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात आजोबांच्या नावाने नोंद करून घे: कोणतं झाड, कुठे, कोणत्या महिन्यात खणत, कुणाला देत आणि कुणाला देत नसत. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. जुने जाणकार कुणाला औषध नाकारत ते कुणी लिहून ठेवत नाही. गरोदर बाईला देत होते का? आधीच खचलेल्या माणसाला? किती दिवसांनी थांबवत? तीन दिवस देऊन थांबवत असतील, तर बाबांचे तीन आठवडे हा आजोबांचा उपचार नव्हताच.

हे तुझ्या घरात एकाच माणसाला माहीत असण्याची शक्यता आहे. पत्रात आजीचा उल्लेख नाही. त्या असतील, तर त्यांना विचार. मुळं धुऊन वाळत घालण्याचं काम बहुतेक त्यांनीच केलं असणार. पाऊस ओसरला की त्यांना किंवा आजोबांबरोबर डोंगरात गेलेल्या कुणालाही सोबत घेऊन ती जागा शोध. खोडाच्या एकेका पेरावर तीन-तीन पानांचा झुबका, लाल देठांवर पांढरी फुलं, पिकल्यावर जांभळी-काळी फळं दिसली तर ती सर्पगंधा असू शकते. वेल दिसली, नळीसारखं वाकडं फूल किंवा शिंकाळ्यासारखं लटकणारं फळ दिसलं, तर हात लावण्याआधी फोटो काढ आणि घरातला काढ्याचा डबा कुणाच्या हाताला लागणार नाही असा ठेव. सर्पगंधा रानातून फार खणली गेली आहे, म्हणून नमुन्यापुरतं एकच झाड घे, बाकीची राहू देत. आणि बाबांचे रिपोर्ट आले की आधी ते मला कळव, झाडाचं नंतर.